मागच्या खोलीतला पाईप

प्रिय रेनेल,

मेमेरचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. अक्षराला हसायचं तेवढं हसून घे. बटाटे काढायला शाळेला सुट्टी लागायची ना, तशी मलाही लागली आणि ती कधी संपलीच नाही, म्हणून तुझ्या या आजीचं लिहिणं हे असं. पण आज आनंद पोटात मावत नाहीये बघ. बूड खुर्चीला टेकत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीशी जाते, परत येऊन बसते. नदी गोठून पांढरी पडलीय, पलीकडचा कॅनडा दिसत नाही, नुसते धुराड्यांचे धूर. आधी माझ्या पणतीचा एक पापा घे. तू पाठवलेला एलोडीचा फोटो मी फ्रिजवर लावलाय. तुझा बाप जाता-येता फ्रिज उघडतो आणि दूध पितो. रेआल जन्मात कधी दुधाला शिवला नव्हता. मी म्हटलं, "काय रे, वासरू झालास की काय?" तर म्हणतो, "हाडांना चांगलं असतं, आई." असू दे बाबा, हाडांना.

तुमच्या दोघांच्या हट्टापुढे मी थकले. तू फोनवर म्हणतेस, "बाबांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी बाळाला घेऊन त्या घराची पायरी चढणार नाही." तो म्हणतो, "मी तिला जा म्हटलं नव्हतं, मग ये कशाला म्हणू?" म्हणजे तू तिकडे समुद्राकाठी, तो इकडे बर्फात, आणि मधे मी फोनची तार. मला ते पोर मांडीवर हवंय गं, आणि या हिवाळ्यात हवंय. पुढच्या हिवाळ्यात माझी मांडी कुठे असेल कोणाला ठाऊक!

थांब, शेगडी बघून आले. लाकूड घालायला हात शिवशिवतात, पण आता घालायचं नाही असा हुकूम आहे. का, ते सांगते. गेल्या आठवड्यात अशी थंडी पडली की रानात झाडं कडाडून तडकत होती. मी आपली मेपलची सुकी लाकडं सारून शेगडी अशी पेटवली की कुट्टूच्या पिठाचे पातळ प्लोय तव्यावर भाजताना मला बाह्या वर सारायला लागल्या. रेआल खूश. "बघ आई, बॉयलर कसा गपगार झोपलाय! टाकीतलं तेल हललंसुद्धा नाही." मीही फुशारले, माझ्याच शेगडीचं कौतुक ना! आणि तुझी मागची खोली तर तू घर सोडून गेलीस त्याच दिवशी त्याने बंद केली होती. दार ओढून घेतलं, खालच्या फटीत जुनं ब्लँकेट कोंबलं. म्हणाला, "रिकाम्या खोलीला कशाला ऊब द्यायची?" तेव्हा त्याच्याशी बोलायची सोय नव्हती.

आणि एके दिवशी सकाळी उठते तर माझी खोली गारढोण. पहाटे शेगडी विझली तसा बॉयलर तळघरात घुरघुरायला लागलेला, पण भिंतीकडेच्या पाईपांतून गरम पाणी काही फिरेना. रेआल गुडघ्यांवर बसून पाईप चाचपत निघाला. गरम, गरम, कोमट, करत करत तुझ्या दाराशी पोचला आणि थबकला. ब्लँकेट काढायला त्याने केवढा वेळ लावला म्हणून सांगू! दार उघडलं तर आतून हवा आली ती तळ्यावरच्या बर्फासारखी. खिडकीच्या आतल्या बाजूला हिम. पाईप गोठलेला.

त्याचा मावसभाऊ फेर्नां, बॉयलर दुरुस्त करतो तो, तो आला. तुला माहीत आहे त्याचं तोंड. स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणतो, "अरे रेआल, हा तुझा थर्मोस्टॅट मावशीच्या शेगडीच्या मांडीवर बसलाय! त्याला वाटतंय घरभर मे महिना आलाय. तो कशाला बॉयलरला उठवेल? आणि बॉयलर उठला नाही तर मागच्या पाईपात पाणी फिरणार कसं?" मग माझ्याकडे वळून, "मावशी, गारठा वाढला की शेगडी जरा बारीक ठेव. बॉयलरलाही काम करू दे. आणि आतली दारं उघडी टाका सगळी." म्हणजे माझी शेगडीच गुन्हेगार! मी त्याला प्लोय वाढले, पण मेपलचा पाक दिला नाही.

पाईप हळूहळू तापवायचा होता, एकदम नाही, नाहीतर फुटतो. रेआलने तुझ्या खणातून तुझा तो गुलाबी हेअर ड्रायर काढला. एवढा आडदांड माणूस, डोक्यावर एक केस नाही, आणि जमिनीवर आडवा पडून पाईपाला वारा घालतोय. फेर्नां हसून हसून भिंतीला टेकला. "भांग कुठल्या बाजूला पाडू, रेआल?" रेआल म्हणाला, "तू जा, कॉफी पी. हे मी करतो." हातसुद्धा लावू दिला नाही त्याला. बऱ्याच वेळाने पाईपात गुळगुळ झाली, पाणी वाहायला लागलं, पाईप शाबूत होता. पण तुझा बाप काही बाहेर येईना. मी कॉफी घेऊन गेले, तर तुझ्या पलंगावर बसलेला, ड्रायर मांडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाला, "किती गार होती गं ही खोली, आई." बास, एवढंच.

मग फेर्नां म्हणाला, थर्मोस्टॅट शेगडीपासून हलवू, बोळात लावू. रेआल म्हणाला, "बोळात नको. आत लाव. तिच्या खोलीत." फेर्नांने तळघरातून तार ओढली आणि लावला. जाताना टोमणा मारलाच, "आता सगळं घर एका रिकाम्या खोलीच्या तालावर नाचणार म्हणा की!" रेआल म्हणाला, "तू आपले पाने-पकडी आवर." तेव्हापासून तुझं दार उघडं आहे. त्याने पलंग बाहेरच्या भिंतीपासून पुढे ओढला, पाईपाची ऊब अडू नये म्हणून. पडदे पाईपावर लोंबत होते, ते मला कापून शिवायला लावले. दर थोड्या वेळाने आत जाऊन पाईपाला हात लावून येतो. मी म्हणते, "अरे, बस की!" तर मलाच म्हणतो, "तू बस आधी!" आम्ही दोघंही बसत नाही. काल तर कोठारातून तुझा पाळणा काढून आणला आणि घासत बसला. माझी जीभ मी कशी आवरली ते देवालाच ठाऊक.

आज सकाळी त्याने माझ्या ताटलीशेजारी कागद, पाकीट आणि पोस्टाचं तिकीट आणून ठेवलं. "आई, रेनेलला पत्र लिही." मी म्हटलं, "तूच फोन कर की." म्हणाला, "फोनवर ती लगेच नाही म्हणेल. पत्र फोडायला तरी वेळ लागतो." मी म्हटलं, "बरं, काय लिहू?" त्याने फ्रिजवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "विचार तिला, बाळ झोपतं त्या खोलीत किती गरम ठेवायचं असतं. आतापासून लावून ठेवतो. भिंतींना ऊब धरायला वेळ लागतो." आणि फावडं घेऊन बाहेर गेला, पहाटेच काढून झालेला रस्त्यावरचा बर्फ पुन्हा काढायला. पोरी, याहून जास्त त्याच्या तोंडून निघणार नाही. त्याच्या बापाच्या तोंडून तर एवढंही कधी निघालं नव्हतं. यायचं नसेल तर मला लिही, त्याला नको. पण येणार असलीस, तर दुसरं काही बोलू नकोस. त्याला फोन कर आणि नुसता आकडा सांग.

तुझीच, वाटेकडे कान लावून बसलेली,
मेमेर लुदिवीन