सतरा सेकंद की पंचेचाळीस?

३ जुलै २०२५, गुरुवार

भाऊसो सकाळीच दारात! ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष झाल्यापासून त्यांना दर महिन्याला कुणीतरी बकरा लागतोच. "मॅडम, वीस तारखेला चंद्रावर बोला. माणूस तिथं उतरला त्याला छप्पन वर्सं व्हत्यात. मागल्या खेपेला मधुमेहावर झालं, लोकं लय घाबरली." हो म्हटलं. छत्तीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, तासभर बोलायला काय जातंय.

५ जुलै, शनिवार

सोपं वाटलं होतं. कसलं सोपं! यान उतरलं तेव्हा इंधन किती उरलं होतं — एवढाच साधा प्रश्न. एका ठिकाणी लिहिलंय, सतरा सेकंदांपुरतं. दुसरीकडे, वीसपेक्षा कमी. एकोणसत्तर सालच्या एका मराठी कात्रणात तर थेट "इंधन संपता संपता". आणि नंतर झालेली तपासणी सांगते की टाकीतलं इंधन हिंदकळत होतं, म्हणून धोक्याचा दिवा लवकर लागला. प्रत्यक्षात पंचेचाळीसेक सेकंद हातात होते. लाल पेन घेऊन बसले. सवय जात नाही. कात्रणाला दहापैकी तीन.

६ जुलै

सगळं पुन्हा वाचलं. कात्रणाला चार दिले. बिचारा रात्रपाळीचा उपसंपादक, त्याला काय दिसणार होतं!

८ जुलै, मंगळवार

आधी पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षातल्या लोकांच्या आठवणी वाचल्या, मग यानातल्यांच्या. तीच चार मिनिटं, पण दोन निराळ्या गोष्टी वाचतोय असं वाटतं. खालची माणसं इंधनाचे आकडे मोजतायत — साठ सेकंद! तीस! आकड्यांशिवाय त्यांच्यासमोर काही नव्हतंच. कमांडर खिडकीतून बाहेर बघतोय. संगणक त्यांना घेऊन चालला होता तिथे मोठमोठे धोंडे. त्यानं यान स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढे नेत राहिला, सपाट जागा दिसेपर्यंत. खालच्यांना काय वाटत असेल? हा बाबा उतरत का नाही? उशीर कशाला करतोय?

इथे वाचायचं थांबले. दुपारभर कशात लक्ष लागलं नाही.

९ जुलै

लिहूनच टाकते. या पानाशिवाय कुणाला सांगणार?

चिंतामण, माझा धाकटा भाऊ, सांगलीला असतो. सहा वर्षं मी त्याच्याशी बोललेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आई त्याच्याकडे होती. बुधवारी दुपारी बोट त्याच्या दारात आली आणि आईला न घेता परत गेली. मला फोनवर म्हणाला, "ताई, उद्या काढतो." मी इथे साताऱ्यात टीव्हीसमोर. दर तासाला त्याला फोन — आयर्विन पुलापाशी पाणी चोपन्न फूट! चिंतू, पंचावन्न झालं! शुक्रवारी काढलं तिला. तोवर दोन रात्री वरच्या मजल्यावर, ओल्या अंथरुणात. न्यूमोनिया झाला. वीस तारखेला गेली.

दिवसकार्याला सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले, "आईला तू मारलंस." तो काही बोलला नाही. मी धरून चालले की त्याला ते कबूल आहे.

११ जुलै

उतरतानाचं त्यांचं बोलणं शब्दन् शब्द छापलेलं मिळालं. कमांडर जेमतेम बोलतो, तेही दूधवाल्याशी बोलावं इतक्या सपाट आवाजात असणार. डॉक्टरांच्या नोंदीत मात्र त्याची नाडी दीडशे! आपल्याला निव्वळ बोलणं वाचायला मिळालं असतं तर म्हणालो असतो, किती निवांत माणूस. एवढी वर्षं पोरं शिकवून हे मला एका नाडीच्या आकड्यावरून कळावं!

१२ जुलै

तिसरा माणूस वर चंद्राभोवती एकटाच फिरत होता. दर फेरीला दुर्बिणीतून खालचं यान शोधायचा. त्याला ते एकदाही दिसलं नाही.

१५ जुलै, मंगळवार

बनुबाईचा नंबर मिळवला. ती आईचं सगळं करायची, पुरात त्याच घरात होती. आता कराडला लेकीकडे असते. सहा वर्षांत तिला विचारावंसं एकदाही वाटलं नाही — आणि मी विज्ञानाची शिक्षिका!

"बोट आली व्हती की ताई. दादांनी आजींना उचललं बी. पर पाणी बघून आजी अशा भ्याल्या! दाराची चौकट धरली ती सोडीनातच. मला हितंच मरू दे म्हणत्यात. बोटवालं किती थांबणार? गेलं. दादा जिन्यात बसून रडलं."

"मग मला का नाही सांगितलं त्यानं?"

"आवं, तुमी सांगू दिलं का कुणाला?"

१७ जुलै

फोन लावला. त्यानं उचलला.

"चिंतू, तुझ्याकडून ऐकायचंय मला. अगदी पहिल्यापासून. वाटल्यास लिहून पाठव."

तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई. आता काय त्याचं."

मी कसली जाऊ देते! म्हटलं, सगळ्यांचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवून बघायचंय मला.

"मग माझं कशाला हवंय? तू तर रोजचं रोज लिहितेस. पूर यायच्या आधीचं बघ की तुझंच." आणि लगेच, घाईघाईनं — "नको, राहू दे. नको बघूस. जेवलीस का?"

रागावला असता तर बरं झालं असतं.

१८ जुलै

जुन्या वह्या माळ्यावर आहेत. गुडघे धरलेत, काढून द्यायला घरात कुणी नाही.

खोटं! स्टूल आहे. शेजारची सृष्टी हाकेवर आहे. मला भीती वाटतेय.

२० जुलै, रविवार

व्याख्यान झालं. साठ-पासष्ट माणसं, दोघं-तिघं झोपलेली, म्हणजे बरंच म्हणायचं. शेवटी भाऊसोंनी विचारलं, "मॅडम, मग खरं कुनाचं धरायचं?" मी म्हणाले, खोटं कुणीच बोललं नाही, पण जो खिडकीपाशी होता त्याला आधी विचारावं. टाळ्या पडल्या. मला वर बघवेना. चहा न घेताच घरी आले.

२१ जुलै, सोमवार

वही काढली. ३ ऑगस्ट २०१९, शनिवार. अक्षर माझंच:

"चिंतूचा फोन. पाऊस थांबत नाही, आईला आजच गाडी करून तुझ्याकडे आणून सोडतो म्हणाला. इथे सोमवारपासून बाथरूमची फरशी काढणार. म्हटलं, पुढच्या आठवड्यात आण."

मला हे आठवतच नव्हतं. चिंतूला आठवत होतं. दिवसकार्याला, सगळ्यांसमोर मी ते बोलले, तेव्हाही.