दोन दांडे ओढायचं काम

रहिमतपूर,
बुधवार, दुपारची वेळ

तीर्थस्वरूप धैर्यशील दाजींच्या चरणी आपला मेव्हणा लालासाहेब याचा साष्टांग नमस्कार. राजेश्वरी आक्कालाही नमस्कार सांगा, पण पत्र तिच्या हाती देऊ नका. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी उजवा म्हणाला होतात, परवा फोनवर डावा म्हणालात. तेव्हा दोन्हींची खुशाली कळवा.

आजच्या काळात हा माणूस पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता आणि आपलं बोलणं तुमची निम्मी गल्ली ऐकते, म्हणून. पत्रसुद्धा तुम्ही मोठ्यानं वाचता हे मला माहीत आहे. त्यासाठी एकच विनंती. जे कंसात लिहीन ते फक्त तुमच्यासाठी. कंस उघडला की तोंड मिटायचं, कंस मिटला की तोंड उघडायचं. एवढं जमवा.

तर विषय जालिंदरचा. माझा जेसीबी, पोकलेन आणि रोलर ही तिन्ही मशीनं अठरा वर्षं एकट्यानं चालवणारा हा आमचा ऑपरेटर सध्या तुमच्याच गल्लीत लेकीकडे, प्रियंकाकडे, मुक्कामाला आहे आणि रोज संध्याकाळी तुमच्या कट्ट्यावर चहाला असतो, असं कळलं. म्हणजे त्याची बाजू तुम्ही चहासकट घेतलेली आहे. सोमवारी तो हायवेच्या कामावर ग्रेडर चालवायला जाणार, असंही कानावर आलं. खुशाल जावं. माझी हरकत नाही. (दाजी, आज बुधवार आहे.)

झालं ते असं. इथल्या मंडळानं माझा चौकात सत्कार ठेवला, धंद्याला वीस वर्षं झाली म्हणून. आमच्याकडे आता माणूस निवडून येवो, पोरगी पोलिसात लागो, नाहीतर कुणाचा बैल शर्यत जिंको, डोक्यावर जेसीबीनं फुलं टाकल्याशिवाय सत्कार झाला असं कुणी मानत नाही. माझ्यावर फुलं टाकायला माझाच जेसीबी आणि माझाच जालिंदर. त्यानं सकाळपासून बकेट धुतली, पुसली, आत आमच्या सौ. विजयमालाची जुनी साडी अंथरली आणि वर झेंडूच्या पाकळ्या भरल्या. आदल्या दिवशी त्याच बकेटीनं गटार उपसलं होतं, पण सांगून खरं वाटलं नसतं. माझ्या डोक्यावर चार हात उंचीवरून तो अशा पाकळ्या सोडत होता की चाळणीतून पीठ पडावं. एकही पाकळी समोरच्या पेढ्यांच्या ताटात गेली नाही.

आणि माझ्या हातात माइक आला. मी बोललो ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. मी एवढंच म्हणालो की मशीनचं काय, ते कुणीही चालवेल, दोन दांडे ओढायचं काम आहे. डोकं लागतं ते मालकाचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (टाळ्या वाजल्या की माणसाचा ब्रेक लागत नाही. कारखान्यातून रिटायर होताना तुमचं भाषण पाऊण तास चाललं होतं, तेव्हा तुम्ही तरी हसू नका. मला वाक्य तोंडातून जातानाच कळलं होतं, पण मागं घ्यायचा गिअर सापडला नाही.) टाळ्या थांबल्या तसं इंजिनही थांबलं. निम्मी फुलं बकेटीत तशीच राहिली. जालिंदर खाली उतरला, स्टेजवर आला, सत्काराच्या नारळाशेजारी त्यानं किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘मालक, दांडं जाग्यावर हायती. वढा.’’ संध्याकाळच्या एसटीनं तो तुमच्या इस्लामपूरला गेला.

आता मी काही हात बांधून बसणारा माणूस नाही. लष्करात सतरा वर्षं लडाखच्या घाटात ट्रक हाकलेला गडी मी. सुरुवात सोपी असावी म्हणून रोलर घेतला. बैलगाडीपेक्षा हळू चालणारं वाहन, त्यात चुकायचं काय? शाळेकडच्या रस्त्यावर गरम डांबर पसरलेलं होतं, त्यावर मी झोकात दोन फेऱ्या मारल्या. तेवढ्यात तुमचा फोन आला. रोलर जागेवर थांबवून मी तुमच्या गुडघ्याची हकिगत सविस्तर ऐकली. हकिगत संपली तेव्हा रोलर वीतभर खाली बसला होता. आता तिथं नीट आंघोळ करता येईल एवढा खोलगट भाग आहे आणि शाळेची पोरं त्याला माझं नाव लावतात. यात निम्मी चूक तुमच्या गुडघ्याची आहे. (जालिंदर गरम डांबरावर कधी थांबायचा नाही. चहासुद्धा तो पुढं-मागं रोलर चालवतच प्यायचा. त्याला बूड टेकवून चहा प्यायला येत नाही, असं मीच चारचौघांत म्हणायचो.)

दुसऱ्या दिवशी पोकलेन. त्याला चाकं नसतात, साखळ्या असतात, आणि वरची केबिन भोवऱ्यासारखी गरकन फिरते. मी ती फिरवून पाहिली, मजा वाटली. मग पुढं जायचं पेडल दाबलं तर मशीन मागं जायला लागलं. मी आणखी जोरात पुढचं दाबलं, ते आणखी जोरात मागं गेलं. केबिन उलटी फिरवली की खालच्या साखळ्यांचं पुढं-मागं उलटं होतं, हे त्या पेडलवर कुणी लिहून ठेवलेलं नाही, ही कंपनीची चूक आहे. मागं आमच्या धंद्याचा बोर्ड होता, माझ्या हसऱ्या फोटोचा. विजयमालानं तो उचलून निरखून पाहिला आणि म्हणाली की फोटो हसरा आहेच, फक्त आता जरा रुंद झालाय. (जालिंदर केबिनमध्ये बसण्याआधी मशीनभोवती एक चक्कर मारायचा. देवाला प्रदक्षिणा घालतोस का, असं मी त्याला विचारायचो. साखळ्यांचं तोंड कुठं आहे ते तो बघत होता. अठरा वर्षांत मला कळलं नाही.)

राहिला जेसीबी. तो चालू केला, बकेट हलवली, आणि सत्कारातली उरलेली फुलं, चार दिवसांची सुकलेली, साडीसकट समोरच्या काचेवर पडली. अपशकुन वगैरे मी मानत नाही. काच पुसली आणि बयाबाईंच्या दारात गटार खणायला गेलो. या बयाबाई आमच्या आळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, वय ऐंशीच्या पुढं, आणि जीभ वीस वर्षांची. त्यांची भिंत आणि पिण्याच्या पाण्याचा जुना पाइप यांच्यात हातभर जागा. मी मागचा पंजा मोठ्या ऐटीत खाली सोडला. भिंतीला धक्का लागला नाही, हे आधी लिहून ठेवतो. पाण्याचा फवारा मात्र बयाबाईंच्या पत्र्यापर्यंत गेला. सगळी आळी दोन दिवस कोरडी आहे, एकट्या बयाबाई तेवढ्या ओल्या झाल्या. बाकीचे लोक ओरडले. त्या पदर पिळत फक्त एवढंच म्हणाल्या, ‘‘लाला, जालिंदर असता तर पायपाला झोपेतनं उठवला नसता रं.’’

(दाजी, हे खरं आहे. दोन वर्षांमागं शेजारच्या दारात हेच काम त्यानं केलं होतं. आधी खाली उतरून बयाबाईंना विचारलं की तुमच्या सासऱ्यांनी पाइप कुठनं नेला होता. मग मातीत लोखंडी सळई ठोकून पाहिली. मग मांजर पाय टाकतं तसा पंजा टाकत एकेक थर सोलला. पंजा पाइपाला टेकला की लिव्हरमधून तळहाताला कळतं, असं तो म्हणाला होता. मी खाली उभा राहून डिझेल जाळतोयस म्हणून ओरडत होतो. परवा मी दिवसभर लिव्हर धरून बसलो, माझ्या तळहाताला काहीच कळलं नाही.)

असो. सांगायचं एवढंच की काम काही अडलेलं नाही. ऑपरेटर पैशाला पासरी मिळतात. (एक आला होता. बयाबाईंनी त्याला पाइपाबद्दल चार प्रश्न विचारले, तो चहा न पिता गेला.) जालिंदरवाचून कुणाचं पान हलत नाही असं त्यानं समजू नये. (मला करमत नाही. सकाळी सात वाजता जेसीबी चालू झाल्याचा आवाज आला नाही की मला जाग येते, आणि मग दिवसभर काही सुचत नाही.) तुम्ही तब्येतीला जपा, गूळ कमी खा. आक्काला सांगा, लोणचं मिळालं, बरणी परत पाठवतो.

आपला,
लालासाहेब

ता. क. : पत्र ओळखीच्या कंडक्टरबरोबर इस्लामपूरच्या गाडीनं पाठवतोय, म्हणजे आजच मिळेल. सोबत एक चष्मा आहे. जालिंदरचा. जेसीबीच्या केबिनमध्ये राहिला होता. ग्रेडर चालवायला लागेल त्याला. ग्रेडरचं पातं बोटभर तिरकं गेलं तरी मैलभर रस्ता वाकडा होतो म्हणतात. माणूस निवडणाऱ्याला अक्कल आहे.

ता. क. दुसरं : चष्मा मी पुसलेला नाही. काचेवर झेंडूची एक पाकळी चिकटली आहे, ती तशीच राहू द्या.

ता. क. तिसरं : दाजी, पत्र जालिंदरला कट्ट्यावर वाचून दाखवा. नेहमीसारखं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. फक्त वर सांगितलं होतं त्याच्या उलट करा. कंसाबाहेरचं सगळं सोडून द्या आणि कंसातलं तेवढं वाचा. तुमच्या भाषणाचा उल्लेख गाळायचा तर गाळा. शेवटी हेही वाचा.

(जालिंदर, माइकवर बोललो होतो ते माइकवरच मागं घेतो. रविवारी, त्याच चौकात, त्याच माणसांसमोर. तू फक्त समोर येऊन बस. फुलं या वेळी मी तुझ्यावर टाकतो, हातानं. बकेटीला हात लावत नाही.)