परत येणारी शेळी

वाटूर,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय दैवशाला आक्कास,
गोरखचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. हरभरा काढून झाला. आईचे गुडघे दुखतात, पण शेळ्यांमागे जायचं ती काही सोडत नाही. तुझा फोन दाजींच्या हातात असतो, म्हणून हे कागदावर लिहून तिकडे निघालेल्या उषामावशीजवळ देतोय. वाचून झालं की चुलीत घाल.

माझंही चाललंय. हळदीच्या कार्यक्रमांना माईक धरायला बोलावतात. सगळ्यांना माझे जनावरांचेच विनोद हवे असतात. परवा एकानं विचारलं, "गोरखभाऊ, तुमाला हे सुचतंय तरी कसं?" म्हटलं, सोपं आहे. गावातला एक माणूस घ्यायचा, त्याची एक खोड उचलायची आणि रेड्याला नाहीतर कोंबडीला चिकटवायची. नाव घेतलं तर भांडण होतं, जनावर केलं तर टाळ्या पडतात. आणि ज्याच्यावर विनोद असतो त्यालाही हसावंच लागतं. नाही हसला तर कबूलच केलं ना!

हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली. कारण आपल्या चुलतभावाच्या, संपतच्या हळदीत तूही हसली होतीस. पदर तोंडाला लावून.

तू म्हणशील, तीन महिन्यांनी आठवलं का? रोज आठवतं गं. त्या हळदीत सांगितलेला तो विनोद: एक शेळी होती. मालक दर बाजारी तिला विकायचा आणि आठ दिवसांत ती दावं तोडून घरी हजर. मालक म्हणाला, "तिकडं काय कमी हाय तुला?" शेळी म्हणाली, "पाला बराबर हाय, पण या बाई, बसा बाई, असं कुणी म्हणत न्हाई." सगळा मांडव हसला. दाजींनी उठून 'वन्स मोअर' केलं आणि मी मूर्खानं तो पुन्हा सांगितला. टाळ्या पडायला लागल्या की मला पुढचं-मागचं दिसत नाही.

तेव्हा वाटलं, गंमतच तर आहे. पण गेल्या आठवड्यात छकुलीनं शेजारणीच्या फोनवरून मला फोन केला. म्हणाली, "मामा, मम्मी काई बोलली की पप्पा बें बें करून राह्यलेत. मम्मी पिशवी भरती अन् परत रिकामी करती. म्हणती, आता वाटूरला गेलं की लोक हसतेत."

आठ वर्षांची पोर. मी फोनच ठेवून दिला.

आक्का, मला ठाऊक होतं. दोनदा माहेरी येऊन "रुसून आले" म्हणालीस तेव्हा तुझ्या दंडावरचे वळ मी बघितले होते. बघून न बघितल्यासारखं केलं. दोन्ही वेळेला तुला मोटारसायकलवर बसवून तीर्थपुरीला सासरी मीच नेऊन सोडलं. वाटेत तू काही बोलली नाहीस, याचं मला बरंच वाटलं. आणि त्याच येण्यावर मी विनोद रचला. मारणाऱ्याला हसायला दिलं आणि तुझं माहेरही बंद केलं. लाज वाटते म्हणणं सुद्धा थोडं आहे.

काल एक नवा सुचला. एका घरी कुत्रं होतं. चोर आला की शेपटी हलवायचं आणि घरची लेक आली की भुंकायचं. पुढचं काही जुळत नाही. ते कुत्रं कोण, हे मला माहीत आहे.

रविवारी सकाळी मी आणि आई जीप घेऊन येतोय. दाजींच्या समोरच सांगणार आहे, वळ बघितले होते आणि गप्प बसलो होतो. तू यायचं की नाही ते तुझं तू ठरव. आलीस तर किती दिवसांसाठी, हे घरात कुणी विचारणार नाही. नाही आलीस तरी पुढच्या रविवारी मी दारात असेन.

छकुलीला सांग, मामानं फोन ठेवला त्यात तिची काही चूक नव्हती.

तुला तोंड दाखवायची लाज वाटते, आणि तरी येतोय तो,
तुझा धाकटा भाऊ
गोरख