शेकाची वीट

चिंचवड
३ ऑगस्ट १९५६

ती. सोपानदादास,
शालनचा सा. नमस्कार वि. वि.

आप्पांच्या पायाची बातमी चांगली आहे, म्हणून लगेच लिहायला बसले. पुण्याला करंगळी काढल्यापासून जखम ओलीच होती, पण आता पाय दुखायचा थांबलाय. आप्पा म्हणतात, दुसऱ्याचा पाय असल्यागत वाटतंय, काही कळतच न्हाई. लघवीत साखर निघाल्यामुळे गोड बंद आहे, त्यावर मात्र रुसून असतात.

आई रोज चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तळव्याला शेक देते. ती म्हणते गुण विटेचा, मी म्हणते पेनिसिलिनच्या इंजेक्शनांचा. आपल्या पिंपरीत होणारं औषध आपल्या आप्पांना लागू पडावं, याचा मला अभिमान वाटतो. त्यावर आईचं म्हणणं, तुझ्या त्या पिंपरीच्या कारखान्याचा चुना अजून ओला आहे, माझी वीट सासूबाईंच्या वेळची.

तुझी माया आहेच, तिला पत्राची जोड असू दे.

तुझी,
शालन

जबलपूर
१४ ऑगस्ट १९५६

चि. शालन हीस,
सोपानचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. बराकीतले आपल्याकडचे गडी म्हणाले, तुमच्या आईच्या विटेला पदक द्या. बी.ए. झालीस तरी एकदा आईपुढं हार मान. तिला सांग, शेक चालूच ठेव. आणि आप्पांना सांग, दिवाळीत आलो की मळ्याच्या बांधावरनं दोघं चालत फिरू.

सगळ्यांना जप, तुझ्या भावाचा जीव तिकडंच आहे.

सोपान

चिंचवड
१२ ऑक्टोबर १९५६

ती. सोपानदादास,
शालनचा सा. नमस्कार वि. वि.

आप्पांचा पाय गुडघ्याखाली काढला, एवढंच तारेत मावलं. बाकीचं आज लिहिते.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. ती खूश झाली आणि वीट जास्तच तापवू लागली. एकदा फडकं सोडलं तर टाचेला हा मोठा फोड. आप्पांना कळलंच नव्हतं. टाच काळी पडत गेली, इंजेक्शनांचा काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की साखरेच्या आजारात पायाची जाणीव जाते. दुखणं थांबलं होतं ते त्यामुळे. आम्ही त्याला गुण समजलो.

आप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की चुलीपाशी बसताना टाच निखाऱ्यावर टेकली. मला एकटीला म्हणाले, इटंचं तुझ्या आईला कळू द्यायचं न्हाई, जन्मभर जळंल ती. मी बरं म्हटलं. तूही बोलू नकोस.

परवा त्यांना घरी आणलं. काल बोलता बोलता म्हणाले, राहिलेला पाय जड वाटतोय. आई लगेच चुलीकडे वळली. मी म्हटलं, डॉक्टरांनी शेक नको म्हणून सांगितलंय. तिनं विचारलं, का गं? शाळेत मुलींना मी रोज सांगते की कारण विचारल्याशिवाय काही मानू नका. आईला मात्र मला कारण देता येईना. आप्पांकडे पाहिलं, तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि पाय त्यांनी आपणहून पुढे केला होता. मी फडकं धुवायच्या निमित्तानं लपवलं, तेव्हा कालचा दिवस निभावला.

संध्याकाळी आई नदीवर गेली तशी मी वीट परसातल्या आडात टाकली.

दिवाळीपर्यंत थांबू नकोस, दादा. रजा मिळेल तेव्हा निघ. आज सकाळी आई शेजारच्या छबूबाईंच्या दारातून नवी वीट घेऊन आली. धुऊन, उन्हात वाळत ठेवली आहे.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शालन