निळ्या डब्यातली पूड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी आठला फस्स! ही या घराची शाळेची घंटा. सूनबाईंनी डाएट कोल्याचा कॅन उघडला. सातवा महिना, एक हात कमरेवर, दुसऱ्यात तो चंदेरी कॅन. "आई, यात साखर शून्य आहे." साखर शून्य, दूध शून्य, फळ शून्य. शून्यच प्यायचं तर नळाचं पाणी काय वाईट?

चहातही साखर नाही. ओट्यावर एक निळा डबा, त्यात पांढरी पूड आणि भातुकलीत शोभेल एवढासा चमचा. एक चमचा घातला की म्हणे कप गोड. मी जिभेवर टेकवून बघितली. आधी गोड, मग पितळेचं भांडं चाटल्यासारखं. तीस वर्षं मी केक सजवले आहेत. गोड काय असतं ते मला कोणी सांगू नये.

आणि हिच्याच बाळासाठी मी माझा ओव्हन शेजारणीला देऊन, खोली बंद करून इथे आले. बाळ तीन महिन्यांचं झालं की ही पुन्हा कामावर जाणार आणि बाळ दिवसभर माझ्याकडे. तेवढ्या एका गोष्टीसाठी बाकीचं सगळं गिळते आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज दोन कॅन. दुसरा दार लोटून प्यायली. म्हणजे लाज आहे, पण घोटभरच.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दवाखान्यात तिला ग्लुकोजचं पाणी पाजून तीनदा रक्त काढलं आणि निकाल लागला — गरोदरपणातली साखर. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घाबरू नका, पण लक्ष ठेवायचं. बाळ अवाजवी मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं." दिवसातून चारदा बोट टोचून आकडा वहीत लिहायचा.

शेजारच्या खोलीत आहारवाली. काडीसारखी बाई. साखर बंद, फळांचा रस बंद, पाव मोजून. पूड चालेल, बेताने. कोला मात्र कमी करा, रोज नको. सून मान डोलावत सगळं टिपून घेत होती. ही पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांचं, विहिरींचं, तलावांचं पाणी — कशात काय आहे ते हिला थेंबावरून कळतं. स्वतःच्या ग्लासात काय आहे तेवढं कळत नाही.

मी घरी येऊन चिरंजीवांना म्हटलं, "तू पोटात असताना मी चार मजली केक सजवला. हाताला लागलेलं आयसिंग चाटत चाटत. झालं काय तुला?"

"आई, तेव्हा कोणी तपासतच नव्हतं."

तेच तर म्हणते आहे. तपासत नव्हते, म्हणून कोणी आजारी नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कोला आठवड्यातून दोनदावर आला. याचं मोठं कौतुक चाललंय घरात. जणू बाईने संन्यास घेतला. पण पूड चालूच. चहा, कॉफी, दही, ओट्स — जिथे तिथे तो बाहुलीचा चमचा.

पेपरात आलेला मजकूर कापून तिच्या ताटाशी ठेवला. कृत्रिम गोडव्यापासून सावधान, असं मोठ्या अक्षरात. तिने जेवता जेवता वाचला. घडी घातली. "आई, हा उंदरांवरचा प्रयोग आहे. आणि त्यांना किती दिलं ते वाचलंत का? त्यांच्या वजनाच्या मानाने बघा, मला बादलीने खावं लागेल." आवाज कसा, तर रिपोर्ट वाचून दाखवल्यासारखा. मुलगा हसला. मी ताट उचललं.

मिशनच्या शाळेत सिस्टर आम्हाला साखरेची गुलाबं शिकवायच्या. बारा मुली, एक लांब टेबल, खिडकीतून येणारं तिरपं ऊन. त्या म्हणायच्या, आधी हात स्वच्छ, मग मन स्वच्छ, मग पाकळी. माझं पहिलं गुलाब त्यांनी कपाटात ठेवलं होतं. वर्षभर तसंच राहिलं. खरी साखर टिकते. सिस्टरना ही पूड दाखवायला हवी होती. चिमटीत धरून खिडकीबाहेर उडवली असती.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

केलं.

सून कामावर, मुलगा कामावर. डबा रिकामा केला, धुतला, पुसला. विकतची आयसिंग शुगर वापरली नाही — त्यात कॉर्नफ्लोअर असतं, चहा गढूळ होतो आणि ही पाण्याची तपासनीस लगेच ओळखेल. घरच्या साखरेची पूड केली. मिक्सर थांबवत थांबवत, गरम होऊ न देता. तीनदा मलमलीतून चाळली. हुबेहूब! बऱ्याच महिन्यांनी हात खऱ्या कामाला लागले.

जरा जास्त साखर गेली तर काय मोठंसं होतं? ती औषधी घाण नातवाच्या अंगात जाण्यापेक्षा बरी. पोर जन्माला येईल तेव्हा कोणामुळे धड आहे हे कोणाला कळणार नाही. न कळो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

चहाचा घोट घेऊन थबकली. पुन्हा डबा उघडून दोन चमचे घातले. मग आणखी दोन. मुलाला म्हणाली, "माझी चवच गेली बहुतेक. गोड लागतच नाही." तो म्हणाला, "या दिवसांत होतं तसं." मी पेपर वाचत होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आता बाहुलीचा चमचा सुटला. मोठ्या चमच्याने घालते. चहाला दोन, कॉफीला तीन, ओट्सवर भुरभुरून. तोंडावर जरा तेज आलंय. आकड्यांची वही मात्र हल्ली उशीखाली ठेवते. म्हटलं, "बरं वाटतंय ना?" म्हणाली, "तहान फार लागते." उन्हाळा येतोय, दुसरं काय.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दवाखान्यात मीही गेले होते. डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि पानं मागेपुढे केली. जेवणानंतरचे आकडे एकशे तीसच्या आत होते ते एकशे नव्वदवर गेलेत. चौदा तारखेपर्यंत बरे, मग चढतेच. सोनोग्राफीत बाळ हवं त्यापेक्षा मोठं दिसतंय, बाळाभोवतीचं पाणीही जास्त. आजपासून इन्सुलिन, दोन वेळा, मांडीत.

"काय खाताय तुम्ही?"

"तुम्ही लिहून दिलंय तेवढंच."

आहारवालीने काडीसारखं बोट आकड्यावर ठेवलं. "ताई, शरीर खोटं बोलत नाही."

पहिल्या सिग्नलला मुलाने गाडी थांबवली. मग म्हणाला, "ऑफिसात खातेस का काही? सांग ना. मी रागावणार नाही."

"नाही रे."

"मग हवेतून येते साखर?"

ती खिडकीकडे वळली. मी मागच्या सीटवर. तिच्या मानेवरचा घाम दिसत होता. मला बोलायला सिग्नल होते चार. चारही सुटले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पहाटे उठून डबा ओतून द्यायला गेले. झाकण उघडलं, बोट बुडवलं. पितळ! तिचीच पूड. माझी साखर संपवून तिनेच नवं पाकीट भरलं असणार. हुश्श झालं. कोणाला काही कळलं नाही.

हे वाक्य लिहिलं आणि तोंडात तीच चव आली.

शनिवार, १ मार्च

आकडे उतरले. मुलगा वही बघून म्हणाला, "बघ, मनावर घेतलंस की जमतं. आधीच ऐकलं असतंस तर सुया टोचायची वेळ आली नसती." ती पलंगाच्या कडेला बसून मांडीची कातडी चिमटीत धरत होती. सुई घातली, दहा अंक मोजले, काढली. निळे डाग पडलेत. तिने वर बघितलं नाही.

जेवताना पावाचा दुसरा तुकडा घेतला तर हा म्हणतो, "मोजून हं." पाणी प्यायला उठली तर याचे कान फ्रिजकडे. काल तिची पर्स चाचपताना मी बघितलं याला. माझा मुलगा! आणि त्याला तिच्यावर चोरासारखी पाळत ठेवायला कोणी लावलं, ते या पानाला माहीत आहे.

चार दिवस तिला पाण्यात बघायचा प्रयत्न करते आहे. कोल्याची आठवण काढते, पेपराची घडी आठवते, तो रिपोर्टचा आवाज आठवते. राग येतच नाही. येतो तो भलत्याच बाईचा. साठी उलटलेली, मलमलीचं फडकं घेऊन ओट्याशी उभी, स्वतःवर खूश. अशी बाई दुसऱ्याच्या घरात बघितली असती तर मी तिच्या हातचं पाणी प्यायले नसते.

बुधवार, ५ मार्च

सांगितलं.

ती कपडे घड्या घालत होती. बाळाची दुपटी. मी दारातच उभी राहून म्हटलं, "त्या डब्यात मी साखर भरली होती. दळून. तू खोटं बोलत नव्हतीस."

तिने हातातली घडी पुरी केली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी. डब्याला मुंग्या लागल्या होत्या. त्या पुडीला कधी लागत नाहीत." मग म्हणाली, "तरी चिमूटभर प्रयोगशाळेत नेऊन तपासली. निव्वळ साखर निघाली."

 मी म्हटलं, "मग त्याला का नाही सांगितलंस? तो तुला काय काय बोलला."

"तुम्ही त्याची आई आहात. त्याला ती राहू दे."

"मी सांगते त्याला. आजच."

"नको." पुन्हा तोच रिपोर्ट वाचल्यासारखा आवाज. आज पहिल्यांदा कळलं, ही रडू आवरायची तिची रीत आहे. "सुया मी घेतेय, आई. कोणी सांगायचं, कधी सांगायचं, ते मी ठरवीन."

मी दुपटं उचललं, घडी घालायला. तिने ते माझ्या हातातून हळूच घेतलं. ओढलं नाही. घेतलं.

शुक्रवार, ७ मार्च

जेवताना तिने मुलाला सांगितलं — ऑफिसजवळच्या पाळणाघरात बाळाचं नाव घातलं, तिसऱ्या महिन्यापासून. "आईंना या वयात दिवसभर कशाला अडकवायचं?"

मुलाचे डोळे भरून आले. मला म्हणाला, "बघ, किती काळजी करते तुझी."

मी हो म्हटलं.