आईच्या खोलीचे कार्ड

२ जून, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून घराला शिस्त. ऑफिसच्या प्रशिक्षणात शिकवलेला बोर्ड जेवणाच्या टेबलासमोर टांगला. तीन रकाने: ‘करायचे’, ‘चालू’, ‘झाले’. एका कामाला एक पिवळे कार्ड. काम पुढे गेले की कार्डही पुढे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे वर्गीकरण मला उपजतच जमते.
पहिले कार्ड: आईची खोली रिकामी करणे. आई जाऊन चार महिने झाले. लेकीची बदली इकडे झाली आहे. वीस तारखेला ती आमच्याकडे राहायला येते. हाताशी अठरा दिवस. भरपूर.
बायको म्हणाली, “त्याला बोर्ड कशाला? मी एका दुपारी आवरते.” पद्धत म्हणजे काय, हे तिला कधीच उमगणार नाही.

४ जून, बुधवार
‘झाले’मध्ये तीन कार्डे: बोर्ड टांगणे, कार्डे कापणे, मार्कर आणणे. समाधान वाटले.
संध्याकाळी पाचला आईच्या खोलीत तिचा मोबाइल बोलला: “आई, गोळी घे. उशीर नको.” आवाज माझाच. साध्या घंटीला ती दाद देत नसे, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच रेकॉर्ड करून दिला होता. तो इतका दरडावणीचा आहे, हे तेव्हा जाणवले नव्हते.
नवे कार्ड: फोन बंद करणे. अंदाजे वेळ: दोन मिनिटे.

९ जून, सोमवार
खोलीच्या कार्डाची तेवीस उपकार्डे केली. साड्या, औषधे, चष्मे (तीन) वगैरे. कामाची नीट विभागणी म्हणजे अर्धे काम. त्या हिशेबाने खोली निम्मी रिकामी झाली आहे. प्रत्यक्ष आत मात्र अजून पाऊल टाकलेले नाही.

११ जून, बुधवार
गंभीर बाब. तो जुना फोन एका दिवसापलीकडे तग धरत नाही. तरी चार महिने रोज पाचला बोलतो. म्हणजे कोणीतरी तो चार्जिंगला लावते. बायकोला विचारले. ती “भाजी लागतेय” म्हणून आत गेली. संशयास्पद. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ‘चार्जिंग कोण करते?’ हे कार्ड मात्र थेट ‘चालू’मध्ये.

१६ जून, सोमवार
लेकीचा फोन. “बाबा, आजीचं कपाट तरी रिकामं केलंत का? माझ्या चार बॅगा आहेत.” तिला बोर्डचा फोटो पाठवला. तिचे उत्तर: “छान. आता खोलीचा पाठवा.” विषय बदलला.

१८ जून, बुधवार. सकाळी ७.४०
छडा लागला. बायको दारात उभी राहून म्हणाली, “अहो, रोज दाढी झाली की तुम्हीच आत जाता. वायर लावता, उशी झटकता, ग्लासात पाणी भरता. चार महिने बघतेय.” इतके दिवस बोलली का नाहीस, असे विचारले. म्हणाली, “सांगितलं असतं तर बंद केलं असतंत. मग काय केलं असतंत?”
हा आरोप मी साफ फेटाळला. फेटाळताना हातात वायर होती.
कार्ड ‘झाले’मध्ये.

२० जून, शुक्रवार
लेक आली. बॅगा हॉलमध्ये ठेवून तिने खोलीचे दार उघडले. धुतलेली चादर, पुसलेले चष्मे, भरलेला ग्लास. तेवढ्यात पाच वाजले आणि मी दरडावलो. ती दचकून भिंतीला टेकली.
“बाबा, इथे आजी राहतेय. मी कुठे राहू?”
सहा वाजता मैत्रिणीकडे गेली. दोन बॅगा नेल्या, दोन ठेवल्या. यावरून परतण्याचा हेतू स्पष्ट आहे. बायको माझ्याशी बोलत नाही.

२२ जून, रविवार. दुपारी ३.१५
निर्णय. आज वायर लावली नाही. फोनचा पडदा काळा झाला. ‘फोन बंद करणे’ अधिकृतरीत्या ‘झाले’मध्ये सरकवले. अडचण तेवढीच होती. बाकी कपाटबिपाट किरकोळ. लेकीला कळवले. ती म्हणाली, “उद्या सकाळी येते, बाबा. आपण दोघं मिळून आवरू.”

त्याच दिवशी, ५.२०
पाचला घर शांत होते. मग स्पष्ट ऐकू आले: “आई, गोळी घे. उशीर नको.”
बायको हात पुसत बाहेर आली आणि तिने माझा दंड धरला. म्हणाली, “अहो, फोन बंद आहे. तुम्ही ओरडलात.”
‘फोन बंद करणे’ ‘झाले’मधून काढून ‘चालू’मध्ये आणले.
उद्या येऊ नकोस, असे लेकीला कळवायला हवे.