गिरगावातून बाल्टिक

३० एप्रिल
मनवाचा मेसेज. एक मेची सुट्टी जोडून मैत्रिणीबरोबर बाल्टिक समुद्रावर चाललीय, रविवारी परत हॉस्टेलवर. जर्मनीत मास्टर्स करतेय, थीसिस गळ्याशी आलाय, आणि ही बीचवर. मी अजिबात काळजी करणार नाही. मृणालिनीला म्हणालो, आपण आधुनिक पालक आहोत. ती हो म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

मनवाला कळवलं, मजा कर, कॉल करायची गरज नाही. मग आणखी एक पाठवला, वाटलं तर कर.

संकल्प: रविवारपर्यंत स्वतःहून फोन करायचा नाही. तीच करेल. आणि मला करेल, आईला नाही. समुद्र हा माझा विषय आहे.

१ मे
जन्म गिरगावातला, चौपाटी दहा मिनिटांवर. पोहता येत नाही ही गोष्ट वेगळी. दरवर्षी विसर्जनाला घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहतो, तिथून सगळा समुद्र नीट दिसतो.

संकल्प फोनचा होता, मेसेजला तो लागू नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात भरती-ओहोटीच्या वेळा असतात. लोक फक्त चतुर्थी बघतात. मी ओहोटीच्या वेळेतून साडेतीन तास वजा केले (जर्मनी मागे आहे) आणि मनवाला पाठवलं, याच वेळी पाण्यात उतरायचं. मृणालिनी म्हणाली, अहो, त्या मुंबईच्या वेळा आहेत. म्हटलं, समुद्र सगळा आतून जोडलेलाच असतो. मग म्हणाली, निदान चष्मा लावून तरी बघा. डोळे माझे ठणठणीत आहेत. हल्ली छापतातच बारीक.

मनवाचं उत्तर आलं. अंगठा.

२ मे
आजच्या वेळा पाठवल्या. सोबत सूचना: जेवून लगेच पाण्यात नको. कमरेच्या पुढे नको. कानातले काढून ठेव. उत्तर नाही. पाण्यात असेल. म्हणजे वेळा उपयोगी पडतायत.

खालचा प्रफुल्ल जिन्यात भेटला. म्हणाला, काका, मनवाच्या स्टेटसला काय फोटो आहेत, एक नंबर. मला एकही दिसत नाही. आमच्या खोलीत रेंज कमी असावी. प्रफुल्लची खोली बरोबर आमच्या खाली आहे, पण त्याची खिडकी रस्त्याकडे उघडते.

३ मे
रात्री झोप नाही. काळजीने नव्हे, पंखा आवाज करतो. आंघोळीला जाताना फोन मोरीच्या कट्ट्यावर ठेवला, चार्जिंग किती टिकतं ते बघायला. दोनदा वाजला. एकदा गॅस एजन्सी, एकदा कर्ज हवंय का विचारणारी मुलगी. तिच्याशी जरा जास्तच बोललो. तीही घरापासून लांब राहते म्हणाली.

दुपारी मृणालिनी गॅलरीच्या टोकाला जाऊन फोनवर हळू आवाजात बोलत होती. तिची बहीण असेल. विचारलं नाही.

थकलोय. मनवा गेल्यापासून असंच चाललंय. ती तिकडे जगते आणि मी इथे फोन चार्ज करतो. हे वाक्य नंतर खोडायचं.

४ मे, दुपार
चूक सापडली. लेखी सूचना मनावर ठसत नाहीत. व्हिडिओ हवा. संध्याकाळी साडेपाचला ओहोटी, पाणी लांब, वाळू मोकळी. चौपाटीवर उभं राहून पाण्यात कसं उतरावं ते स्वतः करून दाखवणार. ती परत निघायच्या आत पाठवला की झालं. प्रफुल्लला शूटिंगला ये म्हटलं, तर त्याची मॅच आहे. सेल्फी कॅमेरा आहेच.

४ मे, घरी आल्यावर
कपडे बदललेत.

ओहोटी असूनही पाणी पुढेच येत होतं. हवामानाचं हल्ली काही खरं नाही. समुद्र मागे दिसावा म्हणून त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि कॅमेऱ्यात सांगत होतो, लाटेकडे कधीही पाठ करू नये. तेवढ्यात लाट. चप्पल गेली. ती धरायला वाकलो तर फोन गेला. फोन सापडला, पण बंद. चप्पल काही सापडली नाही. एक चप्पल घालून चालणं अनवाणी चालण्यापेक्षा वाईट दिसतं, म्हणून दुसरीही हातात घेतली.

फोन तांदळाच्या डब्यात खुपसलाय. मृणालिनी एवढंच म्हणाली, आंबेमोहोरच मिळाला का?

५ मे
सकाळी मृणालिनीने स्वतःचा चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि मला कॅलेंडरसमोर उभं केलं. साडेपाचला भरती होती. ओहोटीचा रकाना शेजारचा. म्हणजे मी पोरीला रोज भरतीच्या वेळी पाण्यात जा म्हणून सांगत होतो. फोन काढायला तसाच तांदळाच्या डब्याकडे निघालो.

ती म्हणाली, बसा आधी. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळजवळ जाणवतच नाही. आणि मनवा पाण्यात उतरलीच नाही, बर्फासारखं होतं. सगळे दिवस जॅकेट घालून वाळूत बसली. थीसिस जमत नाहीये, महिनाभर रडत होती, म्हणून मैत्रिणीने ओढून नेलं. मृणालिनीला हे सगळं माहीत होतं, रोज बोलणं होतं. मला सांगितलं नाही, कारण मी काळजी करतो.

मग, काल माझी अवस्था बघून जे सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. परत निघण्याआधी मनवाने फोन लावला होता. मला. व्हिडिओ कॉल, पुन्हा पुन्हा. लागेना म्हणून आईला केला, कॅमेरा पाण्याकडे धरला आणि विचारलं, बाबा कुठेयत, त्यांना समुद्र दाखवायचा होता. वाट बघितली म्हणे बराच वेळ, मग गाडीची वेळ झाली.

कधी, विचारलं. सहाच्या सुमाराला. तेव्हा मी चप्पल शोधत होतो.

मृणालिनीच्या फोनवरून, चष्मा लावून, मेसेज टाइप केला: मनवा, बाबा लिहितोय. काल माझा फोन बंद होता. समुद्र परत एकदा दाखव.

लगेच उत्तर आलं. ती हॉस्टेलवर पोचलीय. तिथे समुद्र नाही.